कणगी आणि कुंपण

१९६५ सालच्या सुरुवातीपर्यंत बोत्स्वानाची राजधानी बोत्स्वानात नव्हती. तेव्हा या मुलखाचं नाव बेचुआनालँड होतं आणि त्याचा कारभार ब्रिटिश अधिकारी सीमेपलीकडच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग या गावात बसून पाहत. या कोरड्या प्रदेशात पैसा घालण्यासारखं काही आहे, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. ३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाच्या या भूमीवर डांबरी रस्ता होता अवघा १२ किलोमीटर. पदवीधर होते २२, आणि माध्यमिक शाळा पूर्ण केलेली माणसं शंभराच्या आसपास. बराचसा भाग कालाहारीच्या वाळूखाली, समुद्र कुठल्याच दिशेला नाही, शेजारी वर्णद्वेषी राजवटी, आणि गुरं हीच जिथे संपत्ती तिथे लागोपाठच्या दुष्काळांनी कळपच्या कळप संपवलेले. सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटनच्या अनुदानावर चाले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत हाच देश दरडोई उत्पन्नाच्या वाढीत दक्षिण कोरियाच्या पंक्तीला जाऊन बसला. काही अभ्यासकांच्या हिशेबाने तर त्या काळात जगातला कुठलाच देश त्याच्याइतक्या वेगाने वाढला नाही. संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या सर्वांत मागास देशांच्या यादीतून वर येऊन बाहेर पडलेला पहिला देश बोत्स्वाना होता, १९९४ साली.

हे कसं घडलं, याचं एका शब्दातलं उत्तर सगळ्यांच्या जिभेवर असतं : हिरे. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि ते किती अपुरं आहे हे समजायला त्याच खंडाच्या पश्चिम टोकाकडे पाहावं लागतं. सिएरा लिओनमध्ये हिरे १९३० साली सापडले, म्हणजे बोत्स्वानाच्या कितीतरी आधी. तिथल्या फ्रीटाउन शहरात १८२७ सालापासून कॉलेज होतं, देशात रेल्वे होती, बंदर होतं, शिकलेला वर्ग होता. १९६१ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्याच्या आणि बोत्स्वानाच्या स्थितीची तुलनाच होऊ शकत नव्हती. १९६८ ते १९८५ या काळात सियाका स्टीव्हन्स यांच्या हाती सत्ता होती. हिऱ्यांचा पैसा सरकारी तिजोरीऐवजी सत्ताधाऱ्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे वळला. कॉफी आणि कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा माल सरकारी मंडळ जगाच्या बाजारभावाहून फार कमी दराने उचलत होतं. रेल्वे तोट्यात होती म्हणून बंद केली असं सांगितलं गेलं. पण ती विरोधकांच्या बालेकिल्ल्याकडे जाणारी वाट होती, ही गोष्टही अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. रूळ उखडले गेले. १९९१ साली यादवी पेटली ती २००२ पर्यंत विझली नाही, आणि ज्या हिऱ्यांनी शाळा बांधल्या असत्या त्यांनी बंदुका विकत घेतल्या. खनिज एकच, आणि नियती दोन. मग फरक कशात होता?

एवढ्यावरून 'चांगला कारभार असला की देश झपाट्याने वाढतो' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला तो चुकीचा वाटतो. निदान त्याचा रोख चुकीच्या जागी आहे. रिकार्डो हाउसमान, लँट प्रिचेट आणि दानी रॉड्रिक या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशांची वाढ अचानक वेग घेते असे ऐंशीहून अधिक प्रसंग मोजले. वाढ सुरू होणं ही दुर्मीळ घटना नाही, आणि ती सुरू व्हायला मोठ्या सुधारणा लागतातच असंही नाही, हे त्यातून दिसलं. कठीण असतं ते टिकणं. स्टीफन ब्रॉडबेरी आणि जॉन वॉलिस या आर्थिक इतिहासकारांनी हाच धागा शतकानुशतकांच्या आकडेवारीत मागे नेला, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. आजचे श्रीमंत देश श्रीमंत झाले ते भरभराटीच्या वर्षांत इतरांपेक्षा वेगाने धावले म्हणून नव्हे. त्यांची अर्थव्यवस्था आक्रसली अशी वर्षं कमी होत गेली, आणि आक्रसली तेव्हा कमी आक्रसली. गरीब देशही चांगल्या वर्षांत छान वाढतात, कधी कधी श्रीमंतांपेक्षा जास्तच. पण वाईट वर्षं आली की कमावलेलं सगळं धुऊन जातं. शेतकऱ्याच्या घरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सुगीत दाणे सगळ्यांच्याच अंगणात असतात. आषाढात कोणाच्या कणगीत किती उरलेत, यावर घर उभं राहतं की मोडतं हे ठरतं. राज्यकारभाराचा दर्जा अर्थव्यवस्थेच्या बाबतीत हेच काम करतो, असं माझं म्हणणं आहे. पीक कुंपणाने खाऊ नये आणि कणगी रिकामी होऊ नये, एवढं तो पाहतो.

बोत्स्वानाच्या बाबतीत कुंपणाचा प्रश्न हिरे खाणीतून बाहेर पडायच्या आत सोडवला गेला, आणि या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे बामांग्वातो या सर्वांत मोठ्या जमातीच्या राजघराण्यातले. १९४८ साली त्यांनी रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी लग्न केलं, म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना काही वर्षं मायदेशाबाहेर ठेवलं. गादीवरचा हक्क सोडल्यावरच, १९५६ साली, त्यांना परतता आलं. १९६७ साली ओरापा इथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला. ओरापा बामांग्वातोंच्याच मुलखात येतं. जमिनीखालचं धन ज्याच्या त्याच्या जमातीचं ही पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा होती. त्याच वर्षी झालेल्या खनिज कायद्याने ते हक्क जमातींकडून काढून राष्ट्राकडे दिले. थोडक्यात, राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या भाऊबंदांना जे मिळालं असतं ते त्याच्याच सरकारने सगळ्या देशाच्या नावावर केलं. या निर्णयात उदात्तता होती की दूरदृष्टीचं राजकारण, हा वाद इतिहासकारांनी घालावा. परिणाम मात्र उघड होता. खाणीसाठी जमाती-जमातींत रक्त सांडायचं कारणच उरलं नाही. हिऱ्यांचा पैसा कोणाचा, हा प्रश्न पैसा येण्याआधी निकालात निघाला. पैसा समोर आल्यावर तो कधीच शांतपणे सुटत नाही. ओरापाची खाण सुरू झाली ती १९७१ साली.

पुढचा भाग रूक्ष वाटेल, पण खरं काम तिथेच झालं. डी बिअर्स कंपनीबरोबरच्या पहिल्या करारात सरकारचा वाटा १५ टक्के होता. खाणीचा नफा किती आहे हे कळल्यावर सरकारने कंपनीला पुन्हा वाटाघाटीला बसवलं आणि १९७५ साली हा वाटा ५० टक्क्यांवर नेला. कर आणि स्वामित्वशुल्क धरता नफ्यातला मोठा हिस्सा देशात राहू लागला. त्या काळी आफ्रिकेत खाणी सरसकट ताब्यात घेण्याची लाट होती. बोत्स्वानाने ती वाट धरली नाही आणि कंपनीपुढे मानही तुकवली नाही. अशी वाटाघाट करायला हिशेब कळणारे अधिकारी लागतात. २२ पदवीधरांच्या देशाने ते कुठून आणले? परदेशी अधिकाऱ्यांना घाईने घरी पाठवलं नाही. आपली माणसं तयार होईपर्यंत त्यांना कामावर ठेवलं, आणि यावरून झालेली टीका सोसली. अर्थखातं सुरुवातीची चौदा वर्षं क्वेट मसीरे यांच्याकडे होतं. पुढे १९८० ते १९९८ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते. खर्चाचा कणा म्हणजे संसदेने मंजूर केलेली बहुवार्षिक राष्ट्रीय विकास योजना. योजनेत नसलेलं काम एखाद्या मंत्र्याच्या मनात आलं म्हणून उभं राहत नसे. पुढे एक साधा दंडकही आला : खनिजातून आलेला पैसा रोजच्या खर्चात उडवायचा नाही, तो रस्ते, शाळा, दवाखाने, माणसांचं शिक्षण यांतच घालायचा. उरेल तो परदेशी गुंतवणुकीत ठेवायचा. त्या ठेवीचं नाव पुला फंड, स्थापना १९९४. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. देशाच्या चलनाचंही नाव तेच. कोरड्या मुलखातल्या माणसांनी पैशाला पावसाचं नाव द्यावं आणि तो साठवायची व्यवस्था करावी, यातला अर्थ मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको.

या कणगीचा उपयोग सुकाळात दिसत नाही. १९८१ साली हिऱ्यांचा बाजार कोसळला. बोत्स्वानाला माल विकण्याऐवजी साठवून ठेवावा लागला. सरकारने पगारवाढ थांबवली, खर्च छाटला, चलनाचं अवमूल्यन केलं, आणि दोनेक वर्षांत गाडी रुळावर आली. शेजारच्या झांबियाने हेच संकट तांब्याच्या रूपाने १९७० च्या दशकाच्या मध्यावर पाहिलं होतं. स्वातंत्र्याच्या वेळी झांबिया बोत्स्वानाहून बराच संपन्न होता. तांब्याचा भाव पडला तेव्हा तो पुन्हा चढेल या आशेवर सरकार कर्ज काढत राहिलं, शहरी लोकांना स्वस्त मक्याचं पीठ देत राहिलं, आणि शेवटी अनुदान काढायची वेळ आली तेव्हा १९८६ साली खाणपट्ट्यात दंगली झाल्या. दोन दशकं दरडोई उत्पन्न घसरत राहिलं. झांबियाचे राज्यकर्ते दुष्ट होते असं म्हणता येणार नाही. केनेथ काउंडा यांच्या तळमळीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण तळमळ म्हणजे व्यवस्था नव्हे. २००८-०९ च्या जागतिक मंदीत बोत्स्वानाच्या खाणी काही महिने चक्क बंद ठेवाव्या लागल्या. सरकारने साठवलेला पैसा काढला, आफ्रिकन विकास बँकेकडून दीड अब्ज डॉलरचं कर्ज उचललं, आणि शाळा-दवाखाने चालू राहिले. ज्याच्या घरी कणगी असते त्यालाच सावकार बऱ्या दराने कर्ज देतो, हा नियम देशांनाही लागू आहे.

कुंपणाची बाब तिजोरीच्या वरच्या टोकालाच संपत नाही. खालच्या टोकाला ती सामान्य माणसाच्या जास्त जवळ असते. युगांडातलं उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गांत नेहमी सांगितलं जातं, आणि ते सांगण्यासारखंच आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथल्या सरकारने प्राथमिक शाळांवरचा खर्च वाढवला, पण मुलांची पटसंख्या काही वाढेना. रित्वा राइनिका आणि याकोब स्वेन्सन यांनी मग थेट शाळांमध्ये जाऊन वह्या तपासल्या. केंद्र सरकारने दर विद्यार्थ्यामागे पाठवलेल्या अनुदानापैकी १९९१ ते १९९५ या काळात शाळांपर्यंत पोचत होते सरासरी १३ टक्के. बाकीचे मधल्या जिल्हा कचेऱ्यांत जिरत होते. ही गोष्ट उघड झाल्यावर कोणत्या जिल्ह्याला किती पैसा गेला हे सरकार वर्तमानपत्रांत छापू लागलं आणि शाळांच्या भिंतींवर फलक लागले. २००१ पर्यंत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या घरात गेला. त्याच काळात इतरही सुधारणा झाल्या, त्यामुळे सगळं श्रेय वर्तमानपत्राला देता येणार नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अर्थसंकल्पाच्या कागदावर दोन्ही काळांत 'शिक्षणावरचा खर्च' दिसतच होता. तो आकडा देशाच्या वाढीत उतरणार की नाही, हे कचेरीतल्या मधल्या टेबलांवर ठरत होतं. आपल्याकडे 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' असं लोक सहज बोलून जातात. त्या सहा महिन्यांची किंमत कुठल्याच ताळेबंदात येत नाही. परवान्यासाठी खेटे घालण्यात गेलेले दिवस, सातबाऱ्यावरची नोंद होत नाही म्हणून न मिळालेलं पीककर्ज, चिरीमिरीची रक्कम आधीच कळत नाही म्हणून न काढलेला कारखाना : घडलेलं मोजता येतं, न घडलेलं कोण मोजणार? पाओलो माउरो यांनी १९९५ साली अनेक देशांची आकडेवारी तपासून, भ्रष्टाचार जास्त तिथे गुंतवणूक कमी, असा संबंध दाखवला, तो या न घडलेल्या गोष्टींचाच अंधुक ठसा होता.

आता या मांडणीवरचे आक्षेप. त्यांतला एक थेट भूगर्भातून येतो आणि तो बळकट आहे. सिएरा लिओनचे हिरे नदीच्या गाळात विखुरलेले. फावडं-घमेलं घेऊन कोणीही उपसावेत असे. बोत्स्वानाचे हिरे खोल खडकात. त्यांना प्रचंड यंत्रं आणि कंपनी लागते. विखुरलेली संपत्ती टोळ्यांच्या हाती पडते, एकवटलेली सरकारच्या. म्हणजे बोत्स्वानाचा खडकच भला निघाला? यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण झांबियाचं तांबं आणि नायजेरियाचं तेलही एकवटलेलंच होतं, सरकारच्या हातात येणारं. तिथे ते टोळ्यांपासून वाचलं, सरकारपासून वाचलं नाही. दुसरा आक्षेप संस्कृतीचा. त्स्वाना समाजात 'खोत्ला' नावाची गावसभा असते. राजाने तिथे सगळ्यांसमोर बसून टीका ऐकायची, आणि लोक आहेत म्हणून राजा आहे असं त्यांच्याकडे म्हटलंच जातं. अशी परंपरा ज्यांना लाभली त्यांनाच हे साधतं, बाकीच्यांना नाही, असा युक्तिवाद होतो. इथे लेसोथोचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. भाषेने आणि रीतिरिवाजांनी त्स्वानांचे सख्खे चुलतभाऊ शोभावेत असे बासोथो लोक, त्यांच्याही राजेशाहीत अशाच जाहीर सभा, आणि स्वातंत्र्यही बोत्स्वानाच्या मागोमाग चार दिवसांनी, ४ ऑक्टोबर १९६६ रोजी. १९७० सालच्या निवडणुकीत हार दिसताच तिथले पंतप्रधान लिबुआ जोनाथन यांनी निवडणूकच रद्द केली आणि आणीबाणी पुकारली. परंपरा उपयोगी पडते, पण ती स्वतःहून राज्य करत नाही. सत्तेवरच्या माणसांना तिला मान द्यायचा की नाही हे दर वेळी ठरवावं लागतं.

अर्थशास्त्रज्ञ ज्याची जास्त धास्ती घेतात तो आक्षेप कार्यकारणाचा आहे. श्रीमंत देशांत कारभार चांगला असतो कारण तो त्यांना परवडतो. आधी पैसा, मग सुशासन. शिवाय कारभाराचे जे जागतिक निर्देशांक आहेत, ते बहुतेक लोकांच्या मतांवर उभे असतात, आणि सुखवस्तू देशाविषयी लोकांचं मत आपोआप चांगलं बनतं. डॅरन असिमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते हाच गुंता वसाहतींच्या इतिहासाच्या मदतीने सोडवण्याच्या कामासाठी, आणि त्यांच्या आकडेवारीवरही इतर अभ्यासकांनी कडक टीका केली आहे. मला या वादात आकड्यांपेक्षा दोन देशांचा क्रम अधिक बोलका वाटतो. बोत्स्वानाने नियम केले तेव्हा त्याच्याकडे दमडी नव्हती. इक्वेटोरियल गिनीकडे पैसा आधी आला. १९९० च्या दशकात तिथे समुद्रात तेल लागलं आणि बघता बघता दरडोई उत्पन्नात हा चिमुकला देश आफ्रिकेच्या शिखरावर गेला. तेओदोरो ओबियांग १९७९ पासून सत्तेवर होते, आजही आहेत. पैशामागून सुशासन आलं नाही. २०१४ नंतर तेलाचे भाव उतरले तेव्हा अर्थव्यवस्था वर्षामागून वर्ष आक्रसत गेली, आणि त्या सुबत्तेच्या काळात सामान्य माणसाच्या घरात काय आलं याचा शोध घेणाऱ्याच्या हाती फार थोडं लागतं.

चीनचं काय, हा प्रश्न तर प्रत्येक चर्चेत येतो. एकपक्षीय सत्ता, स्वतंत्र न्यायालयं नाहीत, लाचखोरी उघड, आणि तरीही चाळीस वर्षांची अभूतपूर्व वाढ. उत्तर देताना चीनच्या सुरुवातीकडे पाहावं. १९७८ नंतर शेतकरी कुटुंबाला जमीन कसण्याचा करार मिळाला. ठरलेला हिस्सा सरकारला दिला की उरलेलं त्याचं. १९७८ साली सुमारे ३० कोटी टन असलेलं धान्योत्पादन १९८४ पर्यंत ४० कोटी टनांपुढे गेलं. म्हणजे कुंपणाने शेत खाणं थांबवलं, तेवढ्यानेच. पुढे स्थानिक अधिकाऱ्याची बढती त्याच्या भागातल्या वाढीशी बांधली गेली, त्यामुळे कारखाना बुडवण्यापेक्षा वाढवण्यात त्याचा लाभ राहिला. युएन युएन आंग या अभ्यासिकेने दाखवलं आहे की चीनमध्ये तिजोरी लुटणारा भ्रष्टाचार आवळला गेला आणि सवलतींसाठी वरच्यांना पैसे चारणारा फोफावला. हा दुसरा प्रकार वाढीला लगेच मारत नाही. मात्र चुकीच्या जागी पैसा ओतत राहतो, आणि त्याचा हिशेब उशिरा येतो. ओस पडलेल्या इमारती आणि २०२४ साली हाँगकाँगच्या न्यायालयाने गुंडाळायचा आदेश दिलेली एव्हरग्रांद ही बांधकाम कंपनी हा त्या हिशेबाचा पहिला हप्ता असावा. इंडोनेशियाने तो एकदम भरला. सुहार्तो यांच्या बत्तीस वर्षांत वाढ खरी होती, गरिबी खरोखर घटली. पण बँका, परवाने, मक्तेदाऱ्या घराण्याभोवती गुंफलेल्या. १९९७ साली आशियात वादळ उठलं तेव्हा कोणाची कर्जं खरी आणि कोणाची मेहेरबानीची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९९८ या एका वर्षात उत्पन्न १३ टक्क्यांनी घटलं. एका माणसाच्या मर्जीवर चाललेली वाढ त्या माणसाबरोबरच कोसळते, आणि कोसळतानाचं नुकसान गरिबाच्या ताटात उतरतं.

भारताचं कोडं आपल्या अधिक जवळचं. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या अहवालात २०२० साली भारत ६३ व्या क्रमांकावर होता, पण करार पाळायला लावण्याच्या बाबतीत १६३ व्या. व्यापारी तंट्याचा निकाल लागायला १,४४५ दिवस, म्हणजे जवळपास चार वर्षं. (तो अहवाल पुढे काही देशांच्या आकड्यांतल्या फेरफारामुळे बँकेने बंद केला, आणि भारताचं मोजमाप मुंबई-दिल्लीपुरतंच होतं; पण कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही हा आकडा फुगवलेला वाटणार नाही.) मग आपण वाढलो कसे? मला वाटतं, जिथे कोर्ट-कचेरीला वळसा घालता आला तिथे वाढलो. १९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली. उपग्रहाची जोडणी आणि एका ठिकाणी मिळणारे परवाने यांच्या जोरावर माल हवेतूनच बाहेर गेला, त्याला ना जकातनाका आडवा आला ना बंदर. पुण्याच्या हिंजवडीत जे उभं राहिलं, त्याच्यामागे असं चांगल्या कारभाराचं एक बेट होतं. वळसा घालणं जिथे शक्य नाही, त्या कारखानदारीत मात्र किंमत मोजावी लागते. योहानेस बोएम आणि एझरा ओबरफील्ड यांनी भारतीय कारखान्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की ज्या राज्यांत उच्च न्यायालयं मंद, तिथे खास घडवून घ्यावे लागणारे सुटे भाग बाहेरून घ्यायला कारखाने बिचकतात. समोरच्याने शब्द फिरवला तर दाद कुठे मागायची? म्हणून मग जे दुसरा अधिक चांगलं करू शकला असता ते स्वतःच करत बसायचं, किंवा नात्यागोत्यातल्याशीच व्यवहार करायचा. औद्योगिक वसाहतीतला लहान वर्कशॉपवाला लहानच का राहतो, याची कारणं अनेक आहेत; परक्या माणसावर विश्वास टाकायला जी व्यवस्था पाठीशी लागते ती नसणं, हे त्यांतलं एक मोठं कारण आहे. वाढीचा दर सहा-सात टक्के दिसतो, तेव्हा ही न उघडलेली शटर त्यात दिसत नाहीत.

बोत्स्वानाची कथा मी आरती ओवाळण्यासाठी सांगितलेली नाही. तिथली विषमता जगातल्या सर्वांत तीव्र विषमतांपैकी एक आहे आणि तरुणांच्या हाताला काम नाही. खाणीला माणसं थोडीच लागतात, आणि हिऱ्यांपलीकडचे उद्योग उभे करण्यात चांगला कारभारही पन्नास वर्षांत पुरा पडला नाही. कणगी भरून ठेवणं आणि नवं पीक काढायला शिकणं ही वेगळी कसबं आहेत. कालाहारीतल्या सान लोकांना २००२ साली त्यांच्या पूर्वजांच्या भूमीतून हुसकावण्यात आलं. हा अन्याय होता. २००६ साली त्याच देशाच्या उच्च न्यायालयाने सरकारच्या विरोधात निकाल दिला. एचआयव्हीच्या साथीने देशाचं आयुर्मान कोसळलं, आणि त्याच सरकारने २००२ साली आफ्रिकेतली औषधोपचाराची पहिली मोफत राष्ट्रीय योजना सुरू केली. १९९२ साली जमीन-घोटाळ्याच्या चौकशीनंतर उपराष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं होतं. भ्रष्टाचार तिथेही होता. त्याचा शेवट चौकशीत होऊ शकत होता, एवढाच फरक, आणि तो लहान नाही. गेल्या काही वर्षांत मात्र खर्च उत्पन्नापुढे धावत राहिला आणि साठा आटत गेला. प्रयोगशाळेत बनवलेले हिरे बाजारात आले, आणि राजधानी गॅबोरोनमध्ये वर्गवारी होऊन सुरतेला जाणाऱ्या, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात ज्यांचा सौदा होतो त्या खाणीच्या हिऱ्यांची मागणी घसरली. २०२४ साली अर्थव्यवस्था आक्रसली. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस निवडणूक झाली आणि ५८ वर्षं सलग राज्य केलेल्या, सेरेत्से खामांनी स्थापलेल्या पक्षाच्या हाती ६१ पैकी अवघ्या ४ जागा उरल्या. मतमोजणी पुरी व्हायच्या आत राष्ट्राध्यक्ष मोक्वीत्सी मासिसी यांनी हार मान्य केली आणि १ नोव्हेंबरला विरोधी पक्षाचे डुमा बोको यांचा शपथविधी झाला. एकही गोळी झडली नाही. काही महिन्यांत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नव्या सरकारने डी बिअर्सशी नवा करार केला. खाणींतून निघणाऱ्या मालातला ३० टक्के माल आता सरकारची स्वतःची कंपनी विकणार आहे, पाच वर्षांनी ४० टक्के. या वाढलेल्या वाट्यातून पुला फंड पुन्हा भरायचा आहे, आणि हिऱ्याचा भाव मात्र अजून वर आलेला नाही.